एकीला आठ हात नकोत

(चिचगड परिसरातील महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवरून दिलेले भाषण)



एरवी आम्ही या माइकसमोर बसलो की हप्ता, व्याज, बँक जोडणी यावर बोलतो. आज कार्टूनवर बोलणार आहोत. हसू नका. घरी लेकरं मोबाईल हातात घेऊन काय बघतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या दुपारी अंगणात पोरं जे खेळ मांडतात, ते त्या कार्टूनमधलेच असतात. एक उडणारा होतो, एक आग फेकणारा होतो, एक दगडासारखा मजबूत. आणि पोरींना काय काम देतात? कुणीतरी पकडून नेलेली पोरगी व्हायचं आणि सोडवायला येईपर्यंत झाडाखाली उभं राहायचं. आम्ही चार-पाच गावांत हेच पाहिलं. मग आमच्या बैठकीत प्रश्न निघाला की अशी ताकदवान माणसांची टोळी आपल्या गावातली असती, तर तिच्यात कोण कोण असतं? या प्रश्नाने आमच्या तीन बैठका खाल्ल्या. त्यातून जे निघालं ते आज सांगतो.

आधी थोडी माहिती. अमेरिकेत १९६१ साली एक चित्रकथा निघाली, फॅन्टास्टिक फोर. स्टॅन ली यांनी लिहिलेली आणि जॅक किर्बी यांनी काढलेली. चौघांची टोळी, तीन पुरुष आणि एक बाई. एकाचं अंग रबरासारखं ताणलं जातं, दुसरा पेट घेऊन उडतो, तिसरा दगडाचा. आणि त्या बाईला कोणती शक्ती दिली असेल? अदृश्य होण्याची! तिचं नावच इन्व्हिजिबल गर्ल, म्हणजे न दिसणारी मुलगी.

हे सांगितलं तेव्हा बैठकीत आधी सगळ्या हसल्या. मग एक काकू म्हणाल्या, "हे कायची शक्ती? हे तं आमाले लग्नापासूनच येते." मग मात्र कोणी हसलं नाही.

गोष्ट तिथे थांबली नाही, हेही सांगायला हवं. पुढे १९६४ मध्ये लिहिणाऱ्यांनी तिला आणखी एक शक्ती दिली. डोळ्यांना न दिसणारी भिंत उभी करून ती सगळ्यांना वाचवू लागली. १९८५ मध्ये तिच्या नावातली मुलगी जाऊन बाई आली, इन्व्हिजिबल वूमन. पुढे ती त्या टोळीची पुढारीही झाली. म्हणजे कागदावरच्या बाईलासुद्धा दिसायला वीस-पंचवीस वर्षं लागली.

आपल्याकडे मीना आली. तुमच्यातल्या पुष्कळजणींनी शाळेत मीना पाहिली असेल. तिच्या नावाचा मंच कित्येक शाळांत आहे. युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी १९९० नंतरच्या वर्षांत ही कार्टून मालिका काढली. ती घडवण्यात मुंबईचे अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांचा मोठा हात होता. मीनाकडे जादू नाही. एक भाऊ आहे राजू, आणि एक पोपट मिठू. पहिल्या गोष्टीत तिला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून ती मिठूला शाळेच्या खिडकीशी धाडते. तो ऐकून येतो आणि तिला आकडे शिकवतो. ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते, चोर सापडतो. मोजता येणं हीच तिची शक्ती. आणखी एका गोष्टीत बहीण-भाऊ एक दिवस कामं बदलून पाहतात. मीनाचं काम करता करता राजूचा दम निघतो, तेव्हा त्याला कळतं की आंब्याची मोठी फोड आपल्यालाच का मिळायची.

आणि टोळीची गोष्ट म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यात आहे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला यात्रा भरते. गुहेत कोंडलेल्या लेकरांना जंगो रायताड, पारी कुपार लिंगो आणि संगीत जाणणारा हिरासुका यांनी मिळून सोडवलं, अशी कथा गोंड समाजात सांगतात. त्या कथेत एक बाई आहे, एक ज्ञानी आहे आणि एक वाजवणारा आहे. हे श्रद्धेचं ठिकाण आहे. त्याचं कार्टून करायचं की नाही, ते ज्यांचं दैवत त्यांनीच ठरवावं. आम्ही तिथून फक्त एवढं घेतलं की मोठा दगड एकट्याने हलत नसतो.

आता आमच्या मालिकेकडे येऊ. टोळीत पाचजण आहेत. नावं त्यांच्या शक्तीवरून ठेवली.

पहिली चाहूल. ही आजी आहे. पहाटे मोहफूल वेचायला जाणाऱ्या बायांना अस्वलाची भीती किती असते ते वेगळं सांगायला नको. चाहूल आजीला पाचोळ्यावरचं पाऊल ऐकू येतं. अस्वल, रानडुक्कर की माणूस, ते ती अंतरासकट सांगते.

दुसरी हिशेब. दहावीतली पोरगी. तिला कागदावरचे आकडे उठून बोलताना दिसतात. कोणी कर्जाचा कागद पुढे केला की लपवलेलं व्याज लाल होऊन नाचायला लागतं. फोनवर ओटीपी मागणाऱ्याचा खोटेपणा तिला आवाजावरून कळतो.

तिसरी हाक. हिने एका टोल्यावरून साद घातली की ती चार गावं ओलांडून जाते. झाडीपट्टीतल्या नाटकांत माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या कलावंत बाया आपण पाहिल्या आहेत. ही त्यांच्यातलीच.

चौथा सोबत्या. हो, एक पोरगाही आहे. यावर वाद झाला. काहीजणी म्हणाल्या की पोरगा कशाला? पण आमची पोरं हे बघणार असतील, तर त्यांनाही कोणीतरी व्हायला हवं ना! सोबत्याची शक्ती अशी की तो ज्याच्या सोबत चालतो त्याचं ओझं निम्मं होतं. तो पुढे पळत नाही, बरोबरीने चालतो.

पाचवी ओळख. नवीन लग्न होऊन आलेली सून. सुरुवातीला ती अमेरिकेतल्या त्या बाईसारखीच, कोणाला न दिसणारी. गावात तिला नावाने कोणी हाक मारत नाही, अमक्याची सून म्हणतात. पण तिने दाराच्या चौकटीला हात लावला की त्या घरात बाईने सकाळपासून केलेलं सगळं काम हवेत दिसायला लागतं. आणलेल्या पाण्याच्या गुंड्या रांगेने तरंगतात. बांधीत रोवलेला एकेक पऱ्हा चमकतो. थापलेल्या भाकरी, झाडलेलं अंगण, धुतलेले कपडे, सगळं. हे नाटकात दाखवता येणार नाही. कार्टूनमध्येच जमेल, म्हणून तर कार्टून हवं.

मग दुष्ट कोण? यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. सासू करायची की सावकार, की दारूडा नवरा? आम्ही ठरवलं की गावातल्या कोणत्याच माणसाला राक्षस करायचं नाही. लेकरं ते बघून घरात सासूला राक्षस म्हणतील, आणि उद्या आपणही सासू होणारच आहोत. आमचा राक्षस आहे गपासुर. कोणी कोणाला "गप बस" म्हटलं की तो हातभर वाढतो. तो बाईच्या तोंडून बोलतो, पुरुषाच्या तोंडून बोलतो, ग्रामसभेतही बोलतो. कोणी खरं ते स्पष्ट बोललं की तो बोटभर आटतो. मारून तो मरत नाही.

एक भाग आम्ही पूर्ण बांधला आहे. रोवणीचे दिवस. बांधीत एका सुनेला साप चावतो. घरातले म्हणतात, मालक बाहेर गेलेत, ते येईपर्यंत थांबू, तोवर झाडफूक करू. सून काही बोलू पाहते, तर "गप बस". गपासुर छपराएवढा होतो. चाहूल आजीला लांबूनच गडबड ऐकू येते. हाक साद घालते. हिशेब एकेक मिनिट मोजते आणि १०८ ला फोन लावते. सोबत्या त्या सुनेला चालू देत नाही, चावलेला पाय हलू न देता आडवं करून उचलायला लावतो. आणि ओळख चौकटीला हात लावते. तिने आज किती रोवणी केली ते सगळ्या घराला दिसतं. मग सासूच म्हणते, "चला, हिला दवाखान्यात न्या."

हा भाग ऐकताना एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा, कारण हे कार्टूनपुरतं नाही. साप चावला तर जागा कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. माणसाला हलू न देता, धीर देत लवकरात लवकर सरकारी रुग्णालयात न्यायचं. विषावरचं औषध तिथे मिळतं, मांत्रिकाकडे नाही.

आता ज्यासाठी हे भाषण, ती गोष्ट. पहिल्या बैठकीत आम्ही एकच नायिका ठरवली होती. तिच्याकडेच सगळ्या शक्ती. ती उडते, हिशेब करते, साप पकडते, रात्री घरी येऊन स्वयंपाकही करते. टाळ्या पडल्या. तेव्हा कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, "जे बाई थकतेच नाही, ते आपल्यातली कायची?"

मैत्रिणींनो, आठ मार्चचा फलक आठवा. त्यावर एका बाईला आठ हात काढलेले असतात. एका हातात लाटणं, एकात मोबाईल, एकात बाळ, एकात पुस्तक, एकात पैसा. खाली लिहिलेलं असतं, नारीशक्ती. आपल्यालाही ते बघून बरं वाटतं. पण त्या चित्राचा अर्थ काय निघतो? तुला आठ हात आहेत, मग आणखी एक काम घे. आठ हातांच्या बाईला "तू बस, मी करतो" असं कोणी म्हणत नाही.

आपल्या गटांतही हेच होतं. एक सचिव हुशार निघाली की वही तिच्याकडे, बँक तिच्याकडे, ऑनलाइन नोंद तिच्याकडे, भांडणही तिच्याकडे. आपण तिचं कौतुक करतो आणि निवांत होतो. ती बाळंतपणाला माहेरी गेली की दोन महिने गटाची वहीच उघडत नाही. हे एका गटाचं नाही, आमच्या पाहण्यात असे किती तरी आहेत. म्हणून पदाधिकारी बदलत राहावेत असं आम्ही सांगतो. ते तिच्यावर अविश्वास म्हणून सांगत नाही. तिला आजारी पडता यावं, म्हणून सांगतो.

म्हणून आमच्या मालिकेचा नियम ठरला. प्रत्येक भागात टोळीतलं एकजण थकणार आणि उघडपणे आराम करणार. त्याचं काम बाकीचे वाटून घेणार. सापाच्या भागानंतर ओळखला ताप येतो. पुढच्या भागात ती खाटेवर पडून आहे आणि सोबत्या भात टाकतो आहे. तो करपतो, ते वेगळं!

आता तुम्ही विचाराल, हे कार्टून काढणार कोण? खरं सांगायचं तर चित्र हलवणं फार मेहनतीचं असतं. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रं जातात. अकरा मिनिटांच्या भागाला झाली १५,८४० चित्रं. ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण मोठमोठी कार्टूनसुद्धा आधी कागदावरच होती. फॅन्टास्टिक फोर सहा वर्षं कागदावर राहून १९६७ मध्ये टीव्हीवर गेलं. आपली लेकरं बघतात ते मोटू-पतलू आधी लोटपोट मासिकात होते, २०१२ मध्ये ते पडद्यावर आले.

तर आपणही कागदापासून सुरू करू. दिल्लीचे शरद शर्मा आणि त्यांची वर्ल्ड कॉमिक्स इंडिया ही संस्था गावोगावच्या साध्या माणसांना चित्रकथा करायला शिकवत आली आहे. पद्धत सोपी आहे. कागदावर चार चौकटी. पहिलीत गोष्ट सुरू, दुसरीत अडचण वाढते, तिसरीत वळण, चौथीत शेवट. चित्र सुबक नसलं तरी चालतं. झेरॉक्स काढून ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, दुकानाच्या भिंतीवर परवानगी घेऊन लावायचं. आणि आवाजासाठी आपला रेडिओ आहेच. हाकचा आवाज द्यायला चित्र लागत नाही, आणि ती झाडीबोलीतच बोलेल.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, वसुली झाली की दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकीने दोन गोष्टी सांगायच्या. मला काय येतं, ही माझी शक्ती. आणि मी कशाने थकते. दोन्ही वहीत लिहायच्या, नवऱ्याच्या नावाने नाही, स्वतःच्या नावाने. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर बाळाच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग वडिलांचं. सरकारी कागदावर आई दिसायला लागली आहे, तर गटाच्या वहीत आपण का दिसू नये?

घरातल्या पोरींना चार चौकटी काढायला बसवा. पोरांनाही बसवा. गपासुर कसा दिसतो, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. ते लेकरांवर सोडलं आहे. चित्रं झाली की गटाच्या मासिक अहवालासोबत आमच्याकडे द्या. निवडक गोष्टी लेकरांच्याच आवाजात याच रेडिओवर ऐकवू.

आणि या आठवड्यात तुमच्या गटाची सचिव थकलेली दिसली, तर एक दिवस वही तुम्ही धरा.