बुडालेली जहाजे कोणाची?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बुडालेल्या जहाजांविषयी बोलायचे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वाडवडील दर्यावर्दी होते. कोणी खलाशी, कोणी सारंग, कोणी तांडेल. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगडच्या किनाऱ्यावर त्या दिवसाची आठवण अजून निघते. तेव्हा बुडालेले जहाज म्हणजे आपल्याला केवळ गोष्टीतली वस्तू नव्हे. आज मला विचारायचे आहे ते एवढेच, की समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी पडलेल्या अशा जहाजावर हक्क कोणाचा? ते पाहायला जाणाऱ्याला सरकारने अडवावे काय? आणि न अडवावे, तर ते जहाज शिल्लक कसे राहावे?

हा प्रश्न जिथे खराखुरा लढला गेला, त्या गावाची हकीकत सांगतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ह्यूरन सरोवराच्या काठी अल्पीना नावाचे शहर आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. समोर थंडर बे हा उपसागर. सरोवर म्हटले म्हणून तलाव डोळ्यांसमोर आणू नका. तिथे वादळे होतात, दाट धुके पडते, आणि एकोणिसाव्या शतकात धान्य, लाकूड, तांबे, लोखंड यांची सारी वाहतूक त्याच वाटेने चाले. त्यामुळे जहाजांची टक्कर होणे, खडकावर चढणे हे नित्याचेच होते. 9 ऑगस्ट 1865 रोजी ‘पेवाबिक’ आणि ‘मीटिअर’ या एकाच कंपनीच्या दोन आगबोटी समोरासमोर आल्या आणि आपटल्या. ‘पेवाबिक’ काही मिनिटांत तळाला गेली, सुमारे शंभर माणसांसह. तिच्या पोटात तांबे होते. त्या तांब्यासाठी पुढे पाणबुडे उतरले, त्यांतील काही जिवाला मुकले. 1917 साली आणि पुन्हा 1974 साली तांबे वर काढण्यात आले.

आता या सरोवराचा एक गुण ऐका. पाणी गोडे आणि अतिशय थंड. समुद्रात लाकूड पोखरणारा जो किडा असतो, तो गोड्या पाण्यात जगत नाही. म्हणून दीडशे वर्षांपूर्वीचे लाकडी जहाज तिथे डोलकाठीसकट उभे सापडते. मात्र जे इतके शाबूत राहते, ते चोरीलाही सोपे जाते. ऑक्सिजनच्या नळकांड्या पाठीला बांधून उतरणे (खरे तर त्या नळकांड्यांत बहुधा साधी दाबलेली हवाच असते) सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्यावर हौशी पाणबुड्यांची रीघ लागली. कोणी सुकाणूचे चाक काढले, कोणी खिडकीची पितळी चौकट, कोणी कप्पी. ज्यांनी हात लावला नाही, त्यांच्या होडीचा नांगर जहाजाच्या कठड्यात अडकून कठडा मोडला. चोर आणि सज्जन यांनी मिळून नुकसान केले, असेच म्हणावे लागेल.

मिशिगन राज्याने 1981 साली थंडर बे हे पाण्याखालचे राखीव क्षेत्र ठरविले. पुढे मध्यवर्ती सरकारचे सागरी खाते आले आणि म्हणाले, आम्ही येथे राष्ट्रीय अभयारण्य करतो. झाले! गाव उठले. आमची मासेमारी बंद करतील, होडी काढायला परवाना मागतील, फी लावतील, दूरच्या राजधानीतला साहेब आमच्या पाण्यावर हुकूम चालवील. 1997 साली शहरात या प्रश्नावर मतदान झाले आणि दर 10 पैकी सुमारे 7 मते विरुद्ध पडली.

मित्रहो, या लोकांना अडाणी म्हणू नका. त्यांची भीती हवेतली नव्हती. त्याच सरकारचे पहिले सागरी अभयारण्य 1975 साली ‘मॉनिटर’ या युद्धनौकेभोवती केले गेले होते. ही लोखंडी नौका 31 डिसेंबर 1862 रोजी केप हॅटरसजवळ 16 जणांसह बुडाली होती. पाणी सुमारे 230 फूट खोल. खाजगी पाणबुड्यांना तिथे जाऊ द्यायला खाते तयार नव्हते, कारण जागा धोक्याची आणि सांगाडा नाजूक. गॅरी जेंटाइल नावाच्या पाणबुड्या लेखकाने वर्षानुवर्षे अर्ज केले, दाद मागितली, तेव्हा 1990 साली त्याला तिथे उतरून छायाचित्रे घेण्याची परवानगी मिळाली. नुसते पाहायला जाण्यासाठी एवढा खटाटोप! अल्पीनाच्या माणसांनी संशय घेतला तर नवल काय?

मतदान विरुद्ध गेल्यावर सरकारने नाद सोडला असता, किंवा मत झुगारून अंमल बसवला असता. दोन्ही झाले नाही. बोलणी चालू राहिली आणि ऑक्टोबर 2000 मध्ये अभयारण्य झाले ते वेगळ्या अटींवर. तळाची मालकी मिशिगन राज्याकडेच राहिली. कारभार राज्य आणि मध्यवर्ती सरकार यांचा मिळून. सल्ल्याला स्थानिक लोकांचे मंडळ. मासेमारीला हात लावायचा नाही. जहाज पाहायला उतरणाऱ्याने परवाना काढायचा नाही, फी भरायची नाही. बंदी कशावर? वस्तू उचलण्यावर, मोडतोडीवर, आणि जिथे बोया बसवला आहे तिथे जहाजावर नांगर टाकण्यावर.

हा बोया दिसायला क्षुल्लक, पण माझ्या मते साऱ्या भांडणाची किल्ली तोच आहे. बुडालेल्या जहाजाच्या बाजूला तळाशी वजन पक्के करून, त्याला साखळदंड लावून वर बोया तरंगत ठेवतात. आलेल्या होडीने आपला दोर त्याला बांधायचा. नांगर टाकण्याची गरजच राहत नाही. शिवाय बोया सर्वांना सांगतो की जहाज इथे आहे, या, पाहा. सरकारी पाटी बहुधा ‘प्रवेश बंद’ म्हणते. इथे तिचा अर्थ ‘दोर इथे बांधा’ असा झाला.

पुढे 2005 साली शहरातल्या जुन्या कागद गिरणीच्या जागेत संग्रहालय उघडले. आत जायला पैसे पडत नाहीत. ज्याला पोहता येत नाही, त्याच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. तिथल्या स्थानिक महाविद्यालयात सागरी तंत्रज्ञान शिकवतात आणि शाळकरी मुले पाण्याखाली चालणारी यंत्रे स्वतः बनवून स्पर्धेत उतरवतात. पालकांनो, हे विशेष ध्यानात घ्या. ज्या मुलाने असे यंत्र बनवून तळाचे जहाज पाहिले, त्याला त्या जहाजाची कप्पी खिशात घालावीशी वाटेल काय? 2014 साली हे अभयारण्य 448 चौरस मैलांवरून 4,300 चौरस मैलांवर गेले, आणि वाढवा असे म्हणणाऱ्यांत याच किनाऱ्यावरचे लोक होते.

सारेच गोड आहे असे नाही. झेब्रा आणि क्वागा जातीचे परके शिंपले 1990 नंतर त्या जहाजांवर इतके दाट बसले आहेत, की लाकूड दिसेनासे झाले. त्यांना कायदा वाचता येत नाही. आणि शोध लागताच ठिकाण जाहीर करणेही शहाणपणाचे नसते. ‘आयर्नटन’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज सप्टेंबर 1894 मध्ये टक्कर होऊन बुडाले. सात जण होते. ते जीवरक्षक होडीत शिरले, पण होडीचा दोर जहाजातून सोडवायचा राहिला. जहाजाबरोबर होडीही खाली गेली. पाच मेले, दोन वाचले. 2019 साली ते सापडले. तळाशी सरळ उभे, आणि ती होडी अजून त्याच्या मागे बांधलेलीच. तपासणी व चित्रण पुरे होईपर्यंत जागा गुप्त ठेवली आणि 2023 साली शोध जाहीर केला, तेव्हाच तिथे बोया बसवण्याचा विचारही सांगितला. काही काळ दार बंद ठेवण्याला माझा विरोध नाही. ते कधी उघडणार हे सांगितले पाहिजे.

काही ठिकाणी तर दार बंद राहणेच योग्य. 10 नोव्हेंबर 1975 रोजी सुपीरिअर सरोवरात ‘एडमंड फिट्झजेरल्ड’ हे मालवाहू जहाज 29 जणांसह बुडाले. एकाचाही देह मिळाला नाही. कुटुंबांचे म्हणणे, ही आमच्या माणसांची कबर आहे, तिथे तमाशा नको. त्यांच्या इच्छेने 1995 साली जहाजाची घंटा वर आणली आणि तिच्या जागी 29 नावे कोरलेली नवी घंटा ठेवली. 2006 पासून कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने तिथे परवान्याशिवाय उतरण्यास मनाई केली आहे. इथे बंदी मागणारे हात सरकारी नव्हते, आप्तांचे होते, हा फरक मला मोठा वाटतो. युनेस्कोचा 2001 चा करारही दोन्ही बाजू धरतो: जहाज शक्यतो जागीच ठेवा, आणि हात न लावता पाहू इच्छिणाऱ्याला उत्तेजन द्या.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. गोव्याजवळ सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना एका पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष मिळाले: लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. ही संस्था दोना पावला येथे आहे. सागरी पुरातत्त्व हा विषय तिथे अभ्यासला जातो, आणि आपल्यातल्या किती मुलांनी त्याचे नाव ऐकले आहे? मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले, 29 चौरस किलोमीटरांचे. तिथे मच्छीमारांचा विरोध होत आला आहे. अल्पीना आणि मालवण यांची सरळ तुलना मी करणार नाही. तिथे राखायची होती ती जहाजे. इथे राखायचे ते प्रवाळ आणि मासे, आणि माशांवरच लोकांचे पोट आहे. पण आधी जाहीर करून मग समजूत काढायची, हा क्रम उलटा आहे, एवढे मी म्हणेन.

आणि एक नवी गोष्ट. नौदलाची ‘गुलदार’ ही नौका 2024 च्या जानेवारीत निवृत्त झाली. ती निवतीजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून लोकांना पाहता येईल असे करण्याची योजना राज्याने हाती घेतली आहे. इथे तर सरकार स्वतःच जहाज बुडवून लोकांना बोलावीत आहे! तिथे बोया कोण सांभाळणार, पाहुण्यांना खाली घेऊन कोण उतरणार, होड्या कोणाच्या असणार, हे निवती-मालवणच्या लोकांनी आताच विचारायला हवे. पाणबुड्याचे शिक्षण तारकर्लीला मिळते. या सभागृहातल्या ज्या मुला-मुलींना चांगले पोहता येते आणि विज्ञानाची गोडी आहे, त्यांनी समारंभानंतर मला जरूर भेटावे. पालकांनी सोबत यावे, म्हणजे भीती असेल तीही तिथेच बोलून घेऊ.