पदवीची मुदत आणि बाईचा वेळ
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातल्या कितीतरी जणी बचत गटाचे हिशेब बघतात, कर्जफेड सांभाळतात, बँकेत खेटे घालतात. विद्यापीठ याला व्यवस्थापन म्हणते. या कामावर संशोधन करून पदवी घ्यावी असे वाटले, की पहिला प्रश्न येतो : जमेल का? हे जमणे नुसत्या हुशारीवर ठरत नाही, वेळेवर ठरते.

व्यवस्थापनशास्त्रात एम.फिल. ही संशोधनाची छोटी पदवी होती. कोर्सवर्क, प्रबंधिका, तोंडी परीक्षा. २०१६ च्या नियमांप्रमाणे मुदत एक ते दोन वर्षे, स्त्रियांना आणखी एक. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ही पदवीच बंद केली. आता पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन करायचे, नाहीतर पुढे थेट पीएच.डी. नोकरी आणि घर सांभाळून शिकणारीची मधली पायरी गेली.

पीएच.डी.ला किमान तीन, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून दोन वर्षे वाढतात, स्त्रियांना त्यावर आणखी दोन. पण एकूण दहाच्या पुढे नाही. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. ‘देता येते’ हे शब्द नीट ऐका. मागितल्याशिवाय ती पदरात पडत नाही.

सवलत हवीच. पण वर्षे वाढवून दिली, म्हणजे मूल आणि म्हातारी माणसे बाईनेच सांभाळायची हे गृहीतच धरले ना? त्या वर्षांची फी कोण भरणार? विद्यापीठात पाळणाघर आहे का? अर्धवेळ पीएच.डी.साठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. घरची ना-हरकत तर कुठल्याच नियमात लिहिलेली नाही, तरी ती बाईलाच आणावी लागते.

एम.ए., एम.बी.ए. करणाऱ्यांसाठी आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवले : प्रसूती रजा आणि हजेरीतील सवलतीचे नियम करा. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एम.एड.च्या एका विद्यार्थिनीला सवलत नाकारणारा विद्यापीठाचा निर्णय रद्द केला. शिक्षण की मातृत्व, अशी निवड बाईवर लादता येणार नाही, हा त्यातला मुद्दा.

म्हणून तीन कामे करू या. आपल्या विद्यापीठाने असे नियम केले आहेत का, हे लेखी विचारू. रजेचा अर्ज तोंडी न करता लेखी करू, पोच घेऊ. आणि संस्थेत काम करणाऱ्या मैत्रिणीला प्रबंध लिहायला सुट्टी लागली, तर ती आपणच आधी देऊ.

शेवटी एक. आजवर बचत गटातल्या बायकांनी कितीतरी जणांच्या प्रश्नावल्या भरून दिल्या. पदव्या दुसऱ्यांना मिळाल्या, निष्कर्ष गावात परत आले नाहीत. आपण संशोधन करू तेव्हा ते मराठीत लिहून गटाच्या बैठकीत वाचून दाखवू. विद्यापीठाच्या नियमात ही अट नाही. आपल्या नियमात असू द्या.