कागलच्या शेतकऱ्याचें पोर विद्यापीठांत

(कोलशेत येथें ग्रामस्थांपुढें दिलेलें व्याख्यान)



आपल्यांत एक समज फार घट्ट रुजला आहे. पोरानें शिकावें, नोकरी धरावी, येथपर्यंत आपण आलों; पण पुस्तक लिहिणें हें आपल्या घराचें काम नव्हे, असें आपण अजून मानतों. आगऱ्यानें भात लावावें, कोळ्यानें जाळें विणावें, सुतारानें होडी जोडावी, आणि ग्रंथ मात्र दुसऱ्या कोणीं लिहावा! लेखणी ही कोणाची वतनदारी आहे काय? ती तशी नाहीं, हें एका शेतकऱ्याच्या पोरानें दाखवून दिलें. त्याची हकीकत आज आपणांस सांगतों.

कोल्हापूर जिल्ह्यांतील कागल येथें ३० नोव्हेंबर १९३५ रोजीं आनंद यादव यांचा जन्म झाला. घर गरीब शेतकऱ्याचें. बापानें पोराला शाळेंतून काढलें आणि शेतास जुंपलें. पोराच्या मनांत मात्र शाळा. त्यानें आईला गाठलें. मायलेकरें दत्ताजीराव देसाई यांच्या वाड्यावर गेलीं आणि त्यांच्या कानीं गाऱ्हाणें घातलें. देसायांनीं बापाला बोलावून खडसावलें, तेव्हां शाळा पुन्हां सुरू झाली. पण बापाच्या अटी ऐका : दिवस उगवतांच मळ्यावर हजर व्हावयाचें, अकरा वाजेपर्यंत पाणी पाजावयाचें, तेथूनच शाळा गांठावयाची, सुटल्यावर तासभर गुरें चारावयाचीं, आणि काम जास्त असेल त्या दिवशीं शाळा बंद! ही सर्व हकीकत यादवांनीं पुढें ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरींत लिहिली. ती १९८७ सालीं निघाली व तिला १९९० सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. हा पोरगा लेखक कसा झाला? जन्मतः अंगांत कांहीं दैवी संचार होता काय? नाहीं. शाळेंत सौंदलगेकर नांवाचे मराठीचे मास्तर होते. ते कविता तालासुरांत गाऊन शिकवीत आणि स्वतःही रचीत. त्यांच्या दारांत मालतीचा वेल होता, व त्या वेलावर त्यांनीं कविता केली होती. पोरानें वेलही पाहिला होता आणि कविताही वाचली. तेव्हां त्याला उमगलें, कीं कवि हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, आणि आपल्या गांवावर, आपल्या पिकावर कविता होऊं शकते! मग पाणी पाजतां पाजतां तो ओळी जुळवूं लागला. कागद नसे तेव्हां म्हशीच्या पाठीवर काडीनें लिही. मास्तर त्या ओळी तपासीत. छंद कसा असतो, अलंकार कोणता, शुद्ध कसें लिहावें, हें समजावून देत. सुताराचें पोर जसें रंधा धरावयास बापाकडून शिकतें, तसें हें पोर लिहावयास मास्तरांकडून शिकलें. लिहिणें ही शिकतां येणारी कारागिरी आहे.

पुढें त्यांचा ‘हिरवे जग’ हा काव्यसंग्रह १९६० सालीं निघाला व ‘गोतावळा’ ही कादंबरी १९७१ सालीं. ज्याची शाळा बापानें बंद केली होती, तो पुणें विद्यापीठांत मराठी विभागाचा प्रमुख झाला! पण वर चढल्यावर त्यांनीं शिडी ओढून घेतली नाहीं. ग्रामीण साहित्याच्या चळवळीचे ते पुढारी झाले. खेड्यांतील लिहित्या पोरांनीं शहरी लेखकांची नक्कल करूं नये, आपलें जगणें आपल्या बोलींत मांडावें, याचा त्यांनीं पाठपुरावा केला. सौंदलगेकर मास्तरांनीं एका पोरास दिलें, तें त्यांनीं अनेकांपर्यंत पोंचविलें.

‘गोतावळा’ कशाची गोष्ट आहे? नारबा नांवाचा गडी एका मालकाच्या मळ्यावर राबतो. तेथील गुरेंढोरें हाच त्याचा गोतावळा. मळ्यांत ट्रॅक्टर येतो, आणि तो गोतावळा मोडूं लागतो. हें सारें नारबाच सांगतो, तेंही आपल्या गांवरान बोलींत. आतां आपल्या कोलशेताकडे पाहा. भातखाचरें गेलीं, टोलेजंग इमारती उठल्या. राब, आवण, खाजण, उधाण हे शब्द आजीआजोबांच्या तोंडीं आहेत. नातवंडांच्या तोंडीं किती उरले? मळ्यांत ट्रॅक्टर आला, तेव्हां लिहिणारा होता. आपल्या खाचरांवर इमारत आली, त्याची कादंबरी कोण लिहिणार? इमारतींत राहावयास आलेला पाहुणा ती लिहूं शकणार नाहीं. त्याला राब म्हणजे काय हें ठाऊक नाहीं.

कोणी म्हणेल, “मास्तर, लिहून पोट भरतें काय?” प्रश्न रास्त आहे. यादवांनींही अध्यापनाची नोकरी केली आणि ती करीत असतांनाच पुस्तकें लिहिलीं. तेव्हां पोराला नोकरी सोडा असें सांगूं नका. नोकरीबरोबर वहीही ठेव, एवढें सांगा. आणखी एक गोष्ट लपवूं नये. ‘संतसूर्य तुकाराम’ या त्यांच्या कादंबरींतील मजकुरानें वारकरी मंडळी दुखावली. यादवांनीं माफी मागितली, पुस्तक मागें घेतलें गेलें, आणि २००९ च्या महाबळेश्वर येथील साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना सोडावें लागलें. ज्यांच्याविषयीं आपण लिहितों, तेही वाचतात व जाब विचारतात. लेखणी धरणाऱ्यानें हेंही शिकून ठेवावें. यादव २७ नोव्हेंबर २०१६ रोजीं वारले. पुस्तकें आपल्यापाशीं आहेत.

तेव्हां माझें मागणें थोडें आहे. पोर घरच्या आगरी-कोळी बोलींत बोललें तर हंसूं नका, आणि शाळेंतल्या कोणासही हंसूं देऊं नका. मुलगा असो वा मुलगी, त्याला एक जादा वही द्या. त्या वहींत आजीचे शब्द, आजोबांची होडी, गेलेल्या शेताचें नांव उतरूं द्या. यादवांच्या शाळेसाठीं आई वाड्यावर गेली होती, हें येथें बसलेल्या मायभगिनींनीं ध्यानांत धरावें. बाप नको म्हणाला तरी तुम्ही उठा.