गाडी गरम होते तेव्हा

कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं आपण धरून चालता. मी आज ट्रकच्या रेडिएटरवर बोलणार आहे. मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, हे खरं. पण आमच्या घरची चूल पेटली ती ट्रकच्या चाकांवर. अब्बा ड्रायव्हर होते.

अब्बांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण होती. ऐन मे महिन्यात कसारा घाटात गाडी उकळली आणि त्यांनी घाईघाईत रेडिएटरचं झाकण उघडलं, त्याची ती आठवण. लहानपणी मला वाटायचं, ड्रायव्हर म्हटला की त्याचा हात असाच असतो.

अब्बांच्या मागे धाकट्या भावाने गाडी धरली. त्याचा ट्रक वीस वर्षांचा, सेकंडहँड घेतलेला. लासलगावहून कांदा भरून वाशीला जायचं आणि येताना लोखंडी सळया आणायच्या, हा त्याचा नेम. जाताना घाट उताराचा, त्यामुळे इंजिन शांत. परतताना मात्र भरल्या गाडीने कसाऱ्याहून इगतपुरीला चढायचं. तिथे गाडी हमखास गरम व्हायची. एका वर्षात दोनदा हेडचं गॅस्केट गेलं. शेवटी भाऊ म्हणाला, "भाईजान, एक तर मोठा रेडिएटर बसवतो, नाहीतर गाडी भंगारात देतो." त्याची दोन मुलं शाळेत होती. भंगाराच्या पैशात घर किती दिवस चालणार?

मी त्याच्याबरोबर नाशिकच्या एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी मोठ्या रेडिएटरची गोष्टच काढली नाही. आधी विचारलं, "पाणी कुठलं टाकता?" भाऊ म्हणाला, "जिथे मिळेल तिथलं. ढाब्याचं, बोअरचं."

चाचांनी रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडली. आतल्या निम्म्याहून अधिक नळ्या पांढऱ्या थराने बुजलेल्या होत्या. आपल्या न्हाणीघरातल्या बंबात जशी खपली धरते, तशीच ही. जड पाण्यातले क्षार तापले की धातूला चिकटतात आणि उष्णता अडवून धरतात. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला लागतो, साधारण तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्याने बाहेर न्यायचा असतो. नळ्याच बुजल्या तर त्याने जायचं कुठून?

मग चाचांनी विचारलं, "वॉल्व्ह कुठे आहे?" वॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. तो कुणा मिस्त्रीने कधीच काढून टाकला होता. गाडी गरम होते ना, मग अडथळाच नको, असा साधा हिशेब. चाचांनी समजावलं ते मला कवितेच्या कार्यशाळेत सांगावंसं वाटतं. इंजिन थंड असताना हा वॉल्व्ह पाणी आतल्या आत फिरवतो. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास गेलं की रेडिएटरची वाट उघडतो आणि आतली आडवाट बंद करतो. वॉल्व्ह काढला की ती आडवाट कायमची उघडी राहते. निम्मंअर्धं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत जातं. अडथळा वाटत होता तोच खरा वाटाड्या होता.

शेवटी चाचा गाडीच्या पुढ्यात उभे राहिले. जाळीसमोर भावाने हौसेने एक रंगीत पाटी लावली होती. त्यावर माझ्याच दोन ओळी होत्या. चाचांनी त्या वाचल्या आणि म्हणाले, "शायरी चांगली आहे, पण हवा अडवते." घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते, समोरून वारा मिळत नाही. सारी भिस्त पंख्यावर. त्यात पाटी आडवी, आणि पंख्याभोवतीची पत्र्याची काउल तुटून पडलेली. त्यामुळे पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा घुसळत होता.

इतकं झाल्यावर कामाची यादी ठरली. तीन ओळींच्या जागी चार ओळींच्या पितळी नळ्यांची नवी जाळी, जुन्याच टाक्यांना डाख लावून. वॉटर पंप, होज पाइप आणि फॅन बेल्ट नवे. काउल नवी. वॉल्व्ह पुन्हा जागेवर. बंद पडलेल्या मीटरच्या जागी चालणारा मीटर. बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मंनिम्मं. आणि स्प्रिंग मेलेल्या झाकणाऐवजी योग्य दाबाचं झाकण.

या झाकणापाशी मला अब्बांचा हात समजला. उघड्या भांड्यातलं पाणी समुद्रकाठी शंभर अंशांना उकळतं; इगतपुरी सुमारे सहाशे मीटर उंच, तिथे अठ्ठ्याण्णवलाच. झाकणाने आत अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब धरला की तेच पाणी एकशे दहापर्यंत उकळत नाही. म्हणून दाब हवा. पण तसं तापलेलं पाणी आत असताना झाकण उघडलं की दाब क्षणात जातो आणि पाण्याची वाफ होऊन अंगावर येते. अब्बांचं काही चुकलं नव्हतं असं नाही. पण त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

खर्च दोन खेपांच्या भाड्याहून अधिक झाला. भाऊ चार दिवस गप्प होता. निघताना चाचांनी आणखी एक बजावलं: जुनं कूलंट कधी उघड्यावर ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

पुढच्या मे महिन्यात मी मुद्दाम भावाबरोबर वाशीला गेलो. परतताना सळया भरलेल्या, दुपारचं ऊन. घाट लागला तसे दोघंही बोलायचे थांबलो आणि मीटरकडे बघत बसलो. काटा थोडा चढला आणि तिथेच राहिला.

अर्ध्या चढावर एक ट्रक वाफा सोडत उभा होता. सतरा-अठरा वर्षांचा क्लीनर हातात फडकं घेऊन झाकणाकडे निघाला होता. भावाने गाडी कडेला घेतली, दगड लावला आणि ओरडत धावला, "हात लावू नकोस रे!" त्याने त्या पोराला सावलीत बसवलं. पाऊण तास आम्ही सगळे बसून राहिलो. मग फडकं धरून झाकण अर्धाच आटा फिरवलं, उरलीसुरली वाफ जाऊ दिली, इंजिन चालू ठेवून पाणी थोडं थोडं ओतलं. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडला तडा जातो.

पोरगं वैतागलं होतं. "एवढा वेळ कशाला, चाचा?" त्याने भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, "आमच्या अब्बांनी वाट पाहिली नव्हती."

माझ्या ओळींची पाटी आता गाडीच्या मागच्या फाळक्यावर आहे. तिथे ती कुणाची हवा अडवत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)