टोळीतली मुले

(संस्थेच्या पालक सभेत केलेले भाषण)



आज मला बालगुन्हेगारीवर बोलावयास सांगण्यात आले आहे. विषय अप्रिय आहे, आणि समारंभाच्या दिवशी तर अधिकच. परंतु ज्या बापाला आपल्या मुलास पोलीस चौकीवरून सोडवून आणावे लागते, त्याला तो टाळता येत नाही.

फ्रेडरिक थ्रॅशर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने शिकागो शहरातील १,३१३ टोळ्यांचा अभ्यास करून १९२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. टोळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चाकू-सुरे येतात. थ्रॅशरला मात्र असे आढळले की टोळीचा जन्म साध्या खेळगड्यांच्या घोळक्यातून होतो. पोरे कोपऱ्यावर जमतात, भटकतात. मग शेजारच्या गल्लीशी भांडण होते, दुकानदार हाकलतो, पोलीस दरडावतो. आणि या विरोधातूनच घोळक्याची टोळी बनते.

त्याच शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बाल न्यायालयाची अनेक वर्षांची दप्तरे तपासली. त्यांचा ग्रंथ १९४२ चा. काही ठराविक वस्त्यांत बालगुन्ह्यांचे प्रमाण सतत अधिक होते. त्या वस्त्यांत आधी जर्मन व आयरिश राहत, पुढे पोलिश व इटालियन आले. माणसे बदलली, वस्तीचे प्रमाण मात्र चढेच राहिले. आणि जे कुटुंबे घेऊन चांगल्या भागात गेले, त्यांच्या मुलांतील प्रमाण घटले.

बंधूंनो, ही गोष्ट मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे. "त्यांची पोरे तशीच" हे वाक्य आपण बाजारात, कचेरीत, कधी कधी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा ऐकलेले आहे. दोष जातीत वा जमातीत नसून वस्तीच्या परिस्थितीत असतो, हे या दोघांनी आकड्यांनी दाखविले. मात्र याचा अर्थ आपण हात झटकून मोकळे व्हावे असा नाही. वस्ती आपलीच आहे.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या नागपाड्याचे. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तेथे नेबरहुड हाऊस सुरू केले. पुढे १९३६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने समाजकार्याचे शिक्षण देणारी, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था निघाली. त्या दाट मुस्लिम वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की नागपाड्याचे अब्बास मुंतसीर भारताचे कर्णधार झाले व १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

पण चेंडू दिला की पोरगा सुधारला, इतके हे सोपे नाही. थ्रॅशरने पुढे न्यूयॉर्कमधील मुलांच्या एका क्लबची पाहणी केली, तेव्हा क्लबमुळे सभासदांतील गुन्हे घटल्याचे त्याला दिसले नाही. शॉने म्हणूनच १९३० च्या दशकात वस्तीतील रहिवाशांच्याच हाती काम सोपविण्याचा प्रयोग केला.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गातील एक मुलगा येईनासा झाला. वडील हमाली करीत, आई कापूस वेचावयास जाई. मी हजेरीपटावर लाल शाईने "गैरहजर" लिहीत राहिलो आणि शेवटी नाव कमी केले. घरी गेलो नाही. पाच मिनिटांच्या वाटेवर घर होते. पुढे तो पानटपरीपाशी मोठ्या पोरांबरोबर दिसू लागला. त्यांनी त्याला मोटारसायकलवर फिरविले, नाव दिले, मान दिला. वर्गात त्याला कोणी काय दिले होते? मोटारसायकलच्याच चोरीत तो पकडला गेला. मला पाहून त्याने "सर, सलाम" म्हटले, तेव्हा मला मान वर करवेना.

पालकांनी कायदाही ध्यानात ठेवावा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे १६ ते १८ वर्षांच्या मुलाकडून घोर गुन्हा घडल्यास, बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक छाननीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. "अजून लहान आहे" या भरवशावर राहू नये.

संस्थेकडे माझी एकच मागणी आहे. आपल्या मैदानाच्या फाटकास सायंकाळी साडेपाचला कुलूप लागते, आणि नेमकी त्याच वेळी पोरे चौकात जमू लागतात. ते फाटक मगरिबपर्यंत उघडे असावे, शाळा सोडलेल्या मुलांनाही आत येऊ द्यावे, आणि मोहल्ल्यातील दोन वडीलधाऱ्यांनी आळीपाळीने तेथे बसावे. सलग तीन दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी वर्गशिक्षकाने जावे. आठवड्यातील तीन सायंकाळी मैदानावर थांबण्याची माझी तयारी आहे. माझे नाव कार्यवाहसाहेबांनी आजच लिहून घ्यावे.