आधी मतदान, मग शपथ

फोंड्यातल्या वसंत व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प. जाहीर विषय होता ‘त्रिशंकू विधानसभा : २०१७चा गोव्याचा कौल’. वक्ते होते विधिमंडळाच्या पत्रकार कक्षात उमेदीची वर्षं घालवलेले एक ज्येष्ठ पत्रकार. प्रास्ताविक आटोपून ते उभे राहिले आणि पहिल्या काही वाक्यांतच मनातलं सांगून मोकळे झाले. कुणालाच स्पष्ट बहुमत मिळालं नसेल, तर राज्यपालांनी कुणालाच शपथेसाठी बोलावू नये. त्यांनी सभागृह बोलवावं आणि सभागृहानं उघड मतदानानं आपला नेता निवडावा. पुढचा सगळा वेळ ते गोव्याहून लखनौला, लखनौहून एडिंबरोला गेले, पण या मागणीपासून हलले नाहीत.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा काळ आणि नव्वदच्या दशकातली मुख्यमंत्र्यांची ये-जा त्यांनी एका हातवाऱ्यात मागे टाकली. “हे फोंड्यात कुणाला सांगायला हवं का?” श्रोत्यांनी हसून संमती दिली.

मग आले आकडे. ११ मार्च २०१७ ला मोजणी झाली. ४० जागांपैकी काँग्रेसला १७, भाजपला १३. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. सत्तेतल्या पक्षाचे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्र्यात हरले होते. तरीही दुसऱ्याच दिवशी २१ आमदारांच्या पाठिंब्यासह भाजपच्या मनोहर पर्रीकरांनी राज्यपाल मृदुला सिन्हांकडे दावा केला. पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तरच पाठिंबा, अशी मगो आणि गोवा फॉरवर्डची अट होती. सर्वांत मोठा पक्ष असूनही काँग्रेसनं तोवर दावा केला नव्हता. काँग्रेसच्या चंद्रकांत कवळेकरांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. होळीची सुट्टी असतानाही १४ मार्चला सुनावणी झाली. संख्याबळ होतं तर राज्यपालांपुढे का मांडलं नाही, असं न्यायालयानं काँग्रेसला विचारलं. शपथ थांबवली नाही, पण १६ तारखेला बहुमत सिद्ध करायला सांगितलं.

१६ मार्चला २२ विरुद्ध १६ असा निकाल लागला. काँग्रेसचे विश्वजित राणे मतदानाला थांबले नाहीत आणि त्याच दिवशी त्यांनी आमदारकी सोडली.

“आता तारखा पुन्हा बघा,” वक्ते म्हणाले. १४ मार्चला पर्रीकरांबरोबर ९ मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यांतले भाजपचे दोनच; उरलेले सात मगो, गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांपैकी. भाजपबाहेरून आलेल्या दहा मतांपैकी सात मतं मतदानाच्या दोन दिवस आधीच मंत्री झालेली होती. वक्त्यांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत बसो वा न बसो, साध्या माणसाला ते पटण्यासारखं होतं : ज्याच्या हाती खातं आलं आहे, तो सरकार टिकवायला हात वर करणारच. मग त्या मतदानातून मोजलं काय गेलं?

प्रियोळचं नाव निघताच हशा उसळला. प्रियोळमध्ये मगोच्या दीपक ढवळीकरांना भाजपच्या पाठिंब्यावर हरवून आलेले अपक्ष गोविंद गावडे आणि दीपकरावांचे भाऊ, मडकईचे सुदिन ढवळीकर, एकाच दिवशी एकाच मंत्रिमंडळात बसले. फोंडा तालुक्यात त्या निवडणुकीत कोण कुणाविरुद्ध राबलं, हे समोरच्या अनेकांना वक्त्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. “प्रचारात आम्ही कोणाकडे बघायचं नाही, ते तेवढं सांगा!” असा आवाज मागून आला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक वयस्कर श्रोते उठले. सभागृहानं आधी मतदान केलं असतं, तरी निकाल हाच लागला असता ना?

वक्त्यांचा स्वर चढला. लागला असता कदाचित, पर्रीकरांच्या नावावर खरोखरच २१ जण जमले होते. पण तेव्हा प्रत्येक आमदाराला खातं हाती येण्याआधी मतदारांसमोर उभं राहून नाव घ्यावं लागलं असतं. काँग्रेसलाही आपला नेता वेळेत ठरवून उभा करावा लागला असता. राजभवनाच्या दारात कोण आधी पोचलं, हा वादच उरला नसता. “निकाल तोच लागेल म्हणून रीत सोडायची का?” या प्रश्नावर टाळ्या पडल्या. विचारणारे गृहस्थ मात्र मान हलवतच खाली बसले.

सरकारिया आयोगानं १९८८ मध्ये दिलेला प्राधान्यक्रम त्यांनी दोन वाक्यांत आटोपला. आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, त्यानंतर निवडणुकीनंतरच्या आघाड्या. यादी चांगली आहे. पण ती चालवायची राज्यपालांनी, आणि दुखणं तिथंच आहे.

ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतला उत्तर प्रदेशानं. तिथं १९९६ मध्ये कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. पुढे भाजपचे कल्याणसिंह मुख्यमंत्री झाले आणि फुटून आलेल्यांना सामावून घेता घेता त्यांचं मंत्रिमंडळ ९३ जणांचं झालं. २१ फेब्रुवारी १९९८ च्या रात्री राज्यपाल रोमेश भंडारींनी त्यांना बडतर्फ केलं आणि त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या जगदंबिका पाल यांना शपथ दिली. दुसऱ्या दिवशी राज्यात लोकसभेचं मतदान होतं. अटलबिहारी वाजपेयी उपोषणाला बसले. उच्च न्यायालयानं कल्याणसिंहांना परत बसवलं. मुख्यमंत्री नेमका कोण, हे सचिवालयातही कुणाला धड सांगता येईना. वक्ते ते दिवस सांगताना व्यासपीठाच्या कडेपर्यंत आले होते. चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या कार्यवाहांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयानं मग काढलेला तोडगा हाच त्यांच्या मागणीचा आधार. न्यायालयानं एकाला विश्वासमत घ्यायला सांगितलं नाही. दोघांना समोरासमोर उभं करून २६ फेब्रुवारीला एकाच मतदानात कौल घ्यायला लावला. कल्याणसिंह २२५, पाल १९६. पेच सुटला. २००५ मध्ये झारखंडात शिबू सोरेन यांना शपथ दिल्यावर न्यायालयानं पुन्हा हाच मार्ग धरला. सोरेन यांनी राजीनामा दिला आणि अर्जुन मुंडा मुख्यमंत्री झाले. भांडण हाताबाहेर गेल्यावर जे औषध लागू पडतं, ते पहिल्याच दिवशी का द्यायचं नाही?

चिठ्ठी हाती आली. महाराष्ट्राचा २०१९चा पेच पाच मिनिटांत उरकावा लागला. २३ नोव्हेंबरच्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. २६ तारखेला न्यायालयानं दुसऱ्याच दिवशी, गुप्त मतदान न घेता, थेट प्रक्षेपणात बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं आणि मतदानाआधीच दोघांचे राजीनामे आले. उघडपणे हात वर करायची वेळ येताच चित्र कसं पालटतं, ते यात दिसतं, असं वक्त्यांचं म्हणणं.

स्कॉटलंडसाठी त्यांनी ‘एकच मिनिट’ मागून घेतलं. २००७ मध्ये तिथं १२९ जागांपैकी स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४७ आणि लेबरला ४६ मिळाल्या. सभागृहानंच मतदान केलं. ॲलेक्स सॅमंड ४९ विरुद्ध ४६ मतांनी निवडून आले आणि अल्पमताचं सरकार पूर्ण मुदत चाललं. २८ दिवसांत नेता निवडला नाही तर पुन्हा निवडणूक, असा तिथला कायदा आहे.

प्रश्नोत्तरांत एका तरुण प्राध्यापिकेनं जर्मनीतलं थ्युरिंगिया काढलं. तिथंही नेता सभागृहच निवडतं. तरी फेब्रुवारी २०२० मध्ये अवघ्या पाच जागांच्या पक्षाचे थॉमस केमेरिष अतिउजव्या पक्षाच्या मतांवर ४५ विरुद्ध ४४ असे निवडून आले आणि देशभर संताप उसळला. वक्ते क्षणभर थांबले. उदाहरण खरं आहे, पण ते मतदान गुप्त होतं, असं त्यांनी ठासून सांगितलं. म्हणूनच त्यांचा आग्रह उघड मतदानाचा.

निवडीनंतर आमदार उड्या मारू लागले तर? जुलै २०१९ मध्ये गोव्यात काँग्रेसचे दहा आमदार एकदम भाजपमध्ये गेले, याची आठवण कुणीतरी दिली. त्यावर ही रीत पुरी पडणार नाही, हे त्यांनी मान्य केलं. तिथं राज्यघटनेच्या पक्षांतरबंदीविषयीच्या दहाव्या परिशिष्टातली विलीनीकरणाची पळवाट बुजवावी लागेल.

अध्यक्ष आभारासाठी उठले, तरी वक्ते माईक सोडेनात. घटनादुरुस्तीची वाट बघायची गरज नाही, असं ते घाईघाईनं सांगत होते. कलम १६४ मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपालांकडे देतं. नेमणुकीआधी सभागृहाचं मत घेऊ नये, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. पुढच्या त्रिशंकू निकालाच्या दिवशी एखाद्या राज्यपालांनी एवढं केलं, तरी पायंडा पडेल.