पळायचं नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवार होता. मगरिबची नमाज आटोपून मी घरी आलो, चहाचा कप हातात घेतला, तोच मागच्या अंगणात धप्प असा आवाज झाला. पाहतो तर आमचे धाकटे चिरंजीव. दारातून न येता भिंतीवरून आले होते. तोंड पांढरंफटक, तळहात खरचटलेले. "अब्बा, पोलीस," एवढंच म्हणाला.

मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, पॉलिटेक्निकला शिकणारा. त्याला आणि त्याच्या तीन दोस्तांना एका खेळाचा नाद लागला होता. त्या खेळाचं नाव पार्कूर. वाटेत भिंत आली, कठडा आला, जिना आला, तर वळसा न घालता तो हातापायांच्या बळावर ओलांडायचा. दोर नाही, गादी नाही, साधन नाही. त्या संध्याकाळी ही चौकडी सोलापुरातल्या एका बंद गाळ्यांच्या इमारतीच्या जिन्यावर सराव करत होती. कुणीतरी फोन केला, 'चोर चढलेत.' मोटरसायकलवरून दोन पोलीस आले. कुणीतरी ओरडलं, "मामा आले!" आणि चौघेही पळाले. तिघे सुटले. चौथ्याचा पाय मुरगळला, तो सापडला.

आता मी तुम्हाला माझी लाज सांगतो. बाप म्हणून माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "दार लाव. आज बाहेर पडू नकोस." मी बी.ए. झालेला माणूस, तीस वर्षं मराठीत कविता लिहितो, माणुसकीवर भाषणं करतो. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच विचार होता : चौकीत नाव विचारतील. नाव सांगितल्यावर पुढे काय? ही भीती माझ्या अनुभवातून आली होती असंही नाही. ती ऐकीव होती, वर्तमानपत्रातून आलेली होती, मोहल्ल्यातल्या ओट्यांवरच्या गप्पांतून आलेली होती. पण होती.

मुलगा म्हणाला, "अब्बा, तो एकटा तिथे बसलाय. मी घरात कसा बसू?"

आम्ही दोघे चौकीत गेलो.

तिथे काय झालं ते सांगण्याआधी हा खेळ आला कुठून ते थोडं सांगतो. मलाही ते नंतरच कळलं, मुलानेच सांगितलं. पॅरिसच्या दक्षिणेला लीस नावाचं उपनगर आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे डेव्हिड बेल नावाचा मुलगा आणि त्याचे मित्र भिंतींवरून उड्या मारू लागले. डेव्हिडचे वडील रेमाँ हे पॅरिसच्या अग्निशमन दलातले जवान. त्यांचा जन्म व्हिएतनाममधला, पोरवय लष्करी शाळेत गेलेलं. अडथळ्यांच्या वाटेवरून धावण्याची तालीम त्यांनी मुलाला सांगितली. ती तालीम मूळची जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या पद्धतीवरची. १९०२ साली कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि साँ-पिएर हे शहर राखेखाली गेलं. तिथल्या बचावकार्यात एबेरने भाग घेतला होता असं सांगतात. बळ कमवायचं ते इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी, हे त्याचं ब्रीद.

म्हणजे पाहा, ज्या विद्येला आपण चोराची विद्या समजतो, तिचं मूळ आग विझवणाऱ्याच्या आणि माणसं वाचवणाऱ्याच्या घरात आहे. पुढे २००६ साली 'कॅसिनो रोयाल' या बाँडपटात सेबास्तियां फुकां या डेव्हिडच्याच मित्राने क्रेनवरून उड्या मारल्या आणि जगभरची पोरं वेडी झाली. ब्रिटनने जानेवारी २०१७ मध्ये पार्कूरला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली.

पण त्याच पॅरिसच्या उपनगरांची दुसरी गोष्टही मला सांगितली पाहिजे. २७ ऑक्टोबर २००५. क्लिशी-सू-बुआ नावाची वस्ती. रमजानचा महिना. फुटबॉल खेळून घरी परतणारी मुलं पोलिसांना पाहून पळाली. त्यांनी कसलाही गुन्हा केलेला नव्हता. पळता पळता तिघे विजेच्या उपकेंद्रात शिरले. दोघे जागीच गेले; एक सतरा वर्षांचा, एक पंधरा. त्यानंतर फ्रान्समध्ये तीन आठवडे जाळपोळ चालली. ती मुलं पार्कूरवाली नव्हती. पण त्यांतल्या एकाचं नाव झियेद होतं, आणि आमच्या मोहल्ल्यात झैद नावाची तीन पोरं आहेत. निष्पाप पोरगं पळतं का, याचा विचार मी तेव्हापासून सोडलेला नाही.

तर चौकीत. बाकड्यावर तो दोस्त पाय वर घेऊन बसला होता. कुणीतरी त्याला बर्फ आणून दिला होता. टेबलामागे एक वयस्कर हवालदार. त्यांनी माझ्या मुलाकडे पाहून एकच प्रश्न विचारला, "चोरी केली नाहीस ना? मग पळालास का?"

मुलाला उत्तर देता येईना. मी म्हणालो, "साहेब, पोरं भ्याली."

हवालदार म्हणाले, "चाचा, आम्ही भीत नाही होय? अंधारात वरून कोण अंगावर उडी टाकतंय, हातात काय आहे, आम्हाला काय कळतंय?"

मी गप्प झालो. पोलिसालाही भीती वाटते, हे पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

त्या रात्री नोंदवहीत चौघांची नावं लिहिली गेली, समज दिली गेली आणि पोरं सुटली. तेवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हवालदार उठताना म्हणाले, "खेळच आहे म्हणता, तर अर्ज करा. कुठे, किती वाजता, कोण कोण. मग फोन आला तरी आम्हाला ठाऊक असेल."

अर्ज लिहायचं काम अर्थातच कवीकडे आलं. खेळाचं नाव मराठीत काय लिहावं? मी दोन दिवस विचार केला. 'अडथळा-लंघन' लिहिलं, खोडलं. 'मुक्तसंचार' लिहिलं, तेही खोडलं. मुक्तसंचार शब्द वाचून कुठला फौजदार सही करेल? शेवटी चौकीत गेल्यावर हवालदारांनीच सुचवलं : "उड्यांचा सराव." मी मुकाट्याने तेच लिहिलं. श्रोतेहो, माझ्या कुठल्याही कवितेपेक्षा तो अर्ज जास्त लोकांनी वाचला आहे.

पार्कूर नावाचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. पण दुसऱ्याच्या आवारात गुन्ह्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणं, मालमत्तेचं नुकसान करणं, हे गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी हे जुन्या दंड संहितेसारखंच राहिलं आहे. अडचण अशी की हेतू मनात असतो आणि पोलिसाला दिसते ती फक्त भिंतीवर चढलेली आकृती. तेव्हा हेतू बाहेरून दिसेल असं वागायचं, एवढंच आपल्या हातात उरतं.

पोरांनी मग आपले नियम केले. सराव सकाळी सहा ते आठ, उजेडात. जागा ठरलेली : बागेच्या मागची पायरी आणि तिथला बुटका कठडा. तळमजल्याच्या वर जायचं नाही, कुणाच्या खिडकीच्या उंचीला यायचं नाही. खासगी आवार असेल तर आधी रखवालदाराला विचारायचं. 'जा' म्हणाला की वाद न घालता जायचं. सोलापूरचा भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे, त्याच्या तटाला पाय लावायचा नाही. तोंडाला रुमाल बांधायचा नाही. बुटांचे डाग पडले तर कठडा पुसून निघायचं. फिरायला आलेल्या आजोबा-आजींना वाट आधी. आणि सगळ्यात शेवटचा, सगळ्यात अवघड नियम : पोलीस दिसला की पळायचं नाही. जिथे असाल तिथे खाली उतरायचं, उभं राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे, विचारलं तर पूर्ण नाव सांगायचं.

या शेवटच्या नियमावर मुलाशी माझं बोलणं झालं. मी म्हणालो, "बेटा, तुझी सगळी विद्या निसटून जाण्याची, आणि तू उभं राहायचं म्हणतोस." तो म्हणाला, "अब्बा, ही पळायची विद्या नाही. नीट उतरायची आहे." मग त्याने मला उतरणं दाखवलं. चवड्यांवर टेकायचं, गुडघे वाकवायचे, उंची जास्त असेल तर एका खांद्यावरून तिरकी कोलांटी घेत विरुद्ध कमरेवर यायचं, म्हणजे पाठीच्या कण्याला धक्का बसत नाही. उडी चांगली झाली की आवाजच होत नाही. मला त्या रविवारचा धप्प आठवला. भीतीने पहिल्यांदा उतरणं बिघडतं.

सगळं सुरळीत झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. अर्ज असूनही एकदा पोरांना हाकललं गेलं. एकदा एका नव्या शिपायाने चौघांना उठाबशा काढायला लावल्या. काढल्या. दुसऱ्या दिवशी सहा वाजता पुन्हा त्याच पायरीवर हजर. आणि नावाची भीती माझ्या मनातून पुरती गेली असंही नाही. ती एका अर्जाने जाण्यासारखी नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ मात्र सांगतो. मी बाकावर बसलो होतो. एक अनोळखी पोलीस मोटरसायकल थांबवून आला. मुलगा कठड्यावर होता. माझा जीव गळ्यात आला. तो उतरला, आवाज न करता. उभा राहिला. पोलिसाने नाव विचारलं. त्याने आपलं, बापाचं आणि आडनाव, तिन्ही सांगितली, न अडखळता. पोलिसाने कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "इथं शेवाळ धरलंय. पलीकडच्या बाजूनं मार उडी."

मग तो गेला. पोरं कठड्याच्या पलीकडच्या बाजूला गेली. आणि मी इतका वेळ मिटून धरलेली मूठ उघडली.